नडगीवरचा अंगठा

आमच्या घरात पैसा यायचा तो हातांतून. आप्पा वसईतल्या सातिवलीच्या एका छोट्या युनिटमध्ये पॉवर प्रेसवर होते आणि आई घरी बसून इमिटेशन दागिन्यांवर खडे चिकटवायची. खोली पत्र्याची. उन्हाळ्यात पत्रा तापला की गोंद लवकर वाळायचा, एवढाच त्या पत्र्याचा आम्हाला उपयोग. मी शाळेत असताना एका दुपारी आप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं आणि नंतर आप्पांना प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं. पॅकिंगचा पगार कमी. मग आई जास्त खडे चिकटवायला लागली, मी आणि धाकटा भाऊ शाळेतून आलो की तिच्या शेजारी बसायचो, आणि गोंदाच्या वासाने तिघांचंही डोकं एकदमच दुखायचं.

त्याच वर्षी शाळेच्या शर्यतीत मी पहिली आले आणि बक्षीस म्हणून प्रेशर कुकर मिळाला. आमच्या घरातला पहिला कुकर मी पळून आणलाय, हे मी आजही ऑफिसात सांगते. लोक हसतात. हसू देत. आप्पा मात्र तेव्हा हसले नाहीत. त्यांनी कुकर हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला आणि आईला म्हणाले, "पोरीच्या पायात पैसा हाय."

कॉलेजात गेले तोपर्यंत ते खरं ठरलं होतं. रविवार आला की कुठे ना कुठे रोड रेस असतेच. कधी नगरसेवकाच्या वाढदिवसाची, कधी एखाद्या सोसायटीची, कधी मोठ्या कंपनीची. बक्षिसाचं पाकीट स्टेजवरच मिळतं. आमचं भाडं कितीतरी महिने त्या पाकिटांतून गेलं. शुक्रवार उजाडला की आप्पा जेवता जेवता विचारायचे, "या रविवारी कुठं हाय?" जणू मी शिफ्टलाच निघाले होते. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. कमावती पोर म्हणून ताठ मानेने फिरत होते.

अशा वेळी इनास सर भेटले.

सर भुईगावचे. घरची केळीची वाडी, थोडी मोगऱ्याची फुलं. अंगाने बुटके, मान उन्हाने काळी पडलेली, डोक्यावर कुठल्यातरी जुन्या स्पर्धेची टोपी, जिच्यावरची अक्षरं धुऊन धुऊन गेली होती. कॉलेजचा जिमखाना ते बघायचे, पण तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे कॉलेजला सुट्टी लागली की सरांचा पगारही सुट्टीवर. घरी ते त्यांच्या गावची बोली बोलत, आमच्याशी साधी मराठी. पण वैतागले की वाक्यात "गो" यायचा. "काय गो बाय, पळतेस की रांगेत उभी आहेस?" त्यांच्याकडे मुलीला बाय म्हणतात. मला आधी वाटायचं, हा माणूस मला मोलकरीण समजतो की काय. नंतर कळलं की स्वतःच्या भाचीलाही ते असंच बोलावतात.

त्यांच्या स्कूटरवर पायापाशी एक थर्माकोलचा खोका कायम असायचा. त्यांच्या वहिनीचा मासे विकायचा जुना खोका. त्यात बर्फ. सराव झाला की ज्याच्या पायाला लागलं असेल त्याने त्या बर्फाने शेकायचं. बर्फ ताजा असला तरी खोका बोंबलांचा, त्यामुळे आमच्या पायांना वास यायचा. दुसऱ्या कॉलेजची पोरं आम्ही दिसलो की नाक धरायची. "आली सुकट गँग." आमचा नीलेश त्यांना म्हणायचा, "पुढे पळा की मग, वास मागून येतो." तो कायम मधल्या फळीत असायचा, त्यामुळे हे बोलायचा हक्क त्याला फारसा नव्हता, पण सर ऐकून खूश व्हायचे.

खूश झाले तरी ते कधी शाबास म्हणाले नाहीत. पहिला नंबर आला तरी "पाणी पी." शेवटचा आला तरी "पाणी पी." स्वरात फरक असायचा, आणि तो फरक ओळखायला एक वर्ष लागायचं.

दर सोमवारी नडगीची तपासणी असायची. सगळ्यांनी मैदानाच्या कडेला पाय पसरून बसायचं आणि नडगीच्या हाडावर अंगठा दाबत वरून खाली यायचं. मुलांच्या नडगीवर सर स्वतः अंगठा ठेवत. आम्ही मुलींनी एकमेकींची दाबायची. पण दोन्हीकडे सर बघायचे ते तोंडाकडे. "पाय खोटं बोलतो," ते म्हणायचे, "तोंडाला जमत नाही." कुणाची भुवई जरा हलली तरी त्याचा आठवडा बंद. मग तो कितीही गयावया करो.

आणि एक नियम असा होता की ज्यावरून आमच्या घरी महाभारत झालं. बक्षिसाची रेस महिन्यातून एकच. बाकीचे रविवार पळायचं नाही.

"मग खायचं काय सर?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मला असलं विचारायला लाज वाटत नाही. ज्याच्या घरी भरलेलं आहे त्याने लाजावं.

सरांनाही त्याचा राग आला नाही. "पाय विकायचे नाहीत," ते म्हणाले. "पायांना जे कळलंय ते विका."

हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं. डिसेंबर आला की वसईतल्या शाळांचे क्रीडादिन सुरू होतात, आणि प्रत्येक शाळेला मैदान आखून हवं असतं. सरांनी आम्हाला दोरी, टेप आणि खिळे घेऊन चुन्याने लेन आखायला शिकवलं. वळणावर बाहेरच्या लेनवाल्याला किती पुढे उभं करायचं याचा हिशेब माझ्या डोक्यात बसला तो एका कॉन्व्हेंटच्या मैदानावर, दवाने चुना भिजत असताना. सर शाळांशी आधीच ठरवायचे: आखणाऱ्याचे वेगळे, घड्याळ लावणाऱ्याचे वेगळे, शिट्टी मारणाऱ्याचे वेगळे. एका शाळेच्या सिस्टर म्हणाल्या, "मुलं आहेत, प्रमाणपत्र देऊ ना." सर म्हणाले, "सिस्टर, प्रमाणपत्र द्या. चहा द्या. आणि पैसेही द्या." सिस्टर हसल्या आणि तिन्ही दिलं.

मे महिन्यात लहान मुलांची शिबिरं. आणि वर्षभर चालणारी फ्लॅटवाल्यांची सकाळची बॅच. मुंबईला नोकरीला जाणारी ही माणसं, गाडी पकडायच्या आधी तासभर पळायची. त्यांच्या हातात आमच्या घरातल्या सगळ्या सामानापेक्षा महाग घड्याळं. त्यांना पळवायचं काम सरांनी मला दिलं. मी घाबरले होते. सर म्हणाले, "त्यांना अंकल-आंटी म्हणू नकोस, नावाने सर-मॅडम म्हण. आणि चुकले तर सांग. ते त्याचेच पैसे देतात."

त्या बॅचमध्ये एक जोशी साहेब होते. मोठ्या मॅरेथॉनला नाव घालायचं तर आधीच्या एखाद्या रेसमधली चांगली वेळ दाखवावी लागते. जोशी साहेबांना बायकोसाठी ती वेळ हवी होती. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की बायकोच्या नावाचा बिब, म्हणजे छातीवरचा नंबराचा कागद, लावून तू पळ, त्याच्या चिपवर वेळ पडेल, आणि मी तुला पहिल्या बक्षिसाइतके देतो. मी सरांना विचारलं, कारण खरं सांगायचं तर मला ते वाईट वाटलंच नव्हतं. पळायचं मीच होते ना.

सर दुसऱ्या दिवशी बॅचवर आले. सगळ्यांसमोर एकदम गोड आवाजात म्हणाले, "जोशी साहेब, मॅडमना आणा की. त्यांच्याच पायांनी आणू वेळ. हिच्या पायाने आणली तर मॅरेथॉनला पण हिलाच पाठवावं लागेल, आणि फोटोत तुमच्या शेजारी ही उभी राहील." जोशी साहेब लाल झाले. पुढच्या सोमवारी जोशी मॅडम खरंच आल्या, सलवार-कमीज आणि नवे बूट घालून. त्या वर्षभरात त्या नवऱ्याच्या पुढे गेल्या. मला नंतर सरांनी एकटीला सांगितलं, "पकडली गेली असतीस तर बंदी आली असती. मग विद्यापीठाची स्पर्धा गेली. रविवारच्या पाकिटाला सरकार ओळखत नाही बाय. मान्यताप्राप्त स्पर्धेतलं पदक असेल तरच खेळाडूच्या राखीव जागेतून नोकरी."

हे सगळं मला पटत होतं. फक्त घरी पटत नव्हतं. शाळांचे पैसे उशिरा यायचे, बॅचचे महिन्याने, आणि घरमालक काही थांबत नाही.

सरांच्या दोन सवयी मात्र कुणालाच कळत नव्हत्या. एक म्हणजे ते रेसच्या शेवटाला कधी उभे राहत नसत. सगळे कोच फिनिशच्या कमानीपाशी गर्दी करायचे आणि हे त्याच्या अलीकडे, जिथे अजून जरा अंतर राहिलेलं असतं तिथे, खोका घेऊन उभे. आम्ही जिंकायचो ते त्यांनी कधी बघितलंच नाही. रविवारी सकाळी रेस असते म्हणून चर्चच्या मिस्सालाही, म्हणजे प्रार्थनेलाही, ते शनिवारी संध्याकाळीच जाऊन यायचे. "देवाला आदल्या दिवशी भेटून घेतो," म्हणायचे. रविवारचं चर्चसुद्धा सोडणारा हा माणूस शेवटचा क्षण बघायला का थांबत नाही, यावर आमच्यात बऱ्याच गप्पा व्हायच्या. नीलेशचं मत असं की फिनिशला भाषणं असतात म्हणून.

दुसरी सवय मला एका रविवारी कळली. ती रेस मोठी होती आणि महिन्याची आमची ठरलेली. माझी उजवी नडगी आठवडाभर ठणकत होती. सोमवारी तपासणीला मी मुद्दाम मैत्रिणीशी हसत बसले, म्हणजे तोंड हसरंच राहावं. त्या महिन्यात भाडं थकलं होतं. सकाळी वॉर्मअप करताना सर समोर आले आणि बघत राहिले.

"दुखतंय."

"थोडंसं. सर, आजचा दिवस काढते. मग आठवडाभर आराम."

सरांचा चेहरा एकदम उतरला. मी त्यांना ओरडताना पाहिलं होतं, चिडताना पाहिलं होतं. हे वेगळं होतं. कुणीतरी जुनी ओळख काढल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी तळहात पुढे केला.

"बिब दे."

"सर, भाडं—"

"दे गो."

मी पिना काढल्या. त्यांनी तो कागद घडी करून खोक्यात बर्फाखाली ठेवला आणि माझ्या हातात एक केळं दिलं. मी ते केळं धरून रेस सुटताना बघितली. माझ्यापेक्षा हळू पळणाऱ्या मुलीने पाकीट नेलं. नीलेशने मला नंतर सांगितलं की सरांसमोर "आजचा दिवस काढतो" असं कुणी म्हणायचं नसतं. त्याला मागच्या वर्षी याच शब्दांसाठी त्यांनी मैदानाबाहेर काढलं होतं. का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

घरी आप्पांनी रिकामा हात बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकून माझ्याबरोबर कॉलेजला आले. मी वाटेत दहादा सांगितलं, आप्पा नका. ते मैदानाच्या फाटकातूनच सुरू झाले.

"सर, तुमी माझ्या पोरीला का थांबवली? तुमचा पगार चालू हाय, आमचं भाडं कोण भरणार?"

सरांचा पगार कसा चालू असतो हे आप्पांना माहीत नव्हतं. सरांनीही सांगितलं नाही. "तुम्हाला वेळ आहे?" त्यांनी विचारलं.

"रजा टाकलीय. वेळच वेळ हाय."

सरांनी रिक्षा थांबवली. आम्ही तिघं बसलो. रिक्षा सातिवलीच्या गोडाऊनांच्या मागून खाडीकडच्या एका गावात गेली. भातशेती करणाऱ्यांचं गाव, आता निम्म्या शेतांत गाळे उभे राहिलेले. एका बैठ्या घरासमोर सर उतरले. दाराबाहेर चपला काढताना मला एक जोड दिसला. त्यातल्या एका चपलेला खालून टायरच्या रबराचा जाड थर लावला होता. दुसरी साधी. मी माझे रेसचे बूट त्याच्या शेजारी काढले होते. माझ्याही नकळत मी ते पायाने लांब सरकवले.

त्या चपला ज्याच्या तो भरतदादा. तिशीच्या आतबाहेर, हसरा, खाडीकडच्या माणसाचे असतात तसे रापलेले हात. गोडाऊनच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायचं काम करायचा. त्या दिवशी त्याची दुसरी पाळी होती. सरांना बघून तो उठला आणि एका बाजूला कलत कलत दोन खुर्च्या घेऊन आला. एक आप्पांना दिली. दुसरी सरांपुढे ठेवली. सर तिच्या मागे जाऊन उभे राहिले. त्याच्या आईने आतून विचारलं, "पानी देऊ का सर?" आणि उत्तराची वाट न बघता घेऊन आली.

"हा माझा मुलगा," सर आप्पांना म्हणाले. म्हणजे विद्यार्थी. "हिच्यापेक्षा पुष्कळ पुढचा. याच्या घरी बहिणीचं लग्न होतं. दर रविवारी पळायचा. मीच न्यायचो. पेपरात नाव यायचं, मला बरं वाटायचं. एका रेसला म्हणाला, सर, नडगीत कळ येते. मी पट्टी बांधली आणि म्हटलं, आजचा दिवस काढ."

"आणि मी काढला," भरतदादा म्हणाला. "थोडाच राहिला होता. फिनिशची कमान दिसत होती."

तो हसत होता. दुसरं कुणी हसलं नाही. हाड पळता पळता मोडलं होतं. ऑपरेशन, सळई, आत पू झाला, पुन्हा ऑपरेशन. पाय आखूड झाला. पुढच्याच महिन्यात विद्यापीठाची स्पर्धा होती, ज्यातलं पदक त्याला नोकरीला लावणार होतं.

"सरांनी नको म्हटलं असतं तरी मी पळालो असतो," भरतदादा आप्पांना समजावून सांगत होता. "मलाच पाकीट पाहिजे होतं. मी ह्यांना किती वेळा सांगितलं."

"मी नको म्हटलं नाही," सर म्हणाले.

एवढंच. त्या घरात हे संभाषण आधी पुष्कळदा झालं असणार, कारण भरतदादाच्या आईने मान खाली घालून पाण्याचा तांब्या उचलला आणि ती आत गेली. आप्पांनी आपला उजवा हात मांडीवर ठेवला होता, बोटं नसलेली बाजू वर. एरवी ते ती बाजू झाकतात.

"आमचा सुपरवायझर म्हणला होता," आप्पा म्हणाले, "एवढी ऑर्डर काढून टाक, मग घरी जा. मला झोप येत हुती. तेव्हा कोणी मशीन बंद केली न्हाय." मग थोड्या वेळाने, "सर, बसा की."

"नको, निघू."

"राहू द्या काका," भरतदादा म्हणाला. "सर दर महिन्याला येतात, केळी देतात, उभ्याने चहा पितात आणि जातात. शेजाऱ्यांना वाटतं आमच्या खुर्चीत ढेकूण आहेत."

आप्पांनी त्यानंतर "या रविवारी कुठं" असं कधी विचारलं नाही. त्यांनी पॅकिंगच्या पाळीनंतर एका गाळ्यावर वॉचमनचं काम धरलं. मी नको म्हटलं तर म्हणाले, "बसून तर राहायचंय." आईचं खडे चिकटवणं वाढलं. घरात कुकर होता आणि त्यात शिजवायला आणायचं त्या दोघांनी आपल्या अंगावर घेतलं, माझ्या पायांवरून काढून.

माझ्या मनात मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट बसली, ती निघत नाही. माझ्या नडगीत बारीक चीर निघाली होती. डॉक्टर म्हणाले, ती रेस पळाली असतीस तर काय झालं असतं ते सांगता येत नव्हतं. ती महिन्या-दोन महिन्यांत भरली. पण माझ्या नडगीवर दर सोमवारी फिरणारा तो अंगठा, मग तो मैत्रिणीचा का असेना, भरतदादाच्या नडगीवर ठेवायचा राहिलेला अंगठा होता. त्याच्या वेळी सरांना जे कळलं नव्हतं ते माझ्या वेळी कळलं होतं, आणि कळण्याची किंमत त्याने दिली होती. मी काही चोरलं नव्हतं. तरी कधी त्या गावावरून जावं लागलं की त्या घरासमोर मी रस्त्याची दुसरी बाजू धरायचे.

पुढच्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धेत मला पदक मिळालं. मी पदवीधर झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यात पहिली. मग खेळाडूंच्या राखीव जागेतून एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून माझी निवड झाली. पेढे घेऊन मी मैदानावर गेले. सरांनी पेढा घेतला, खाल्ला, म्हणाले, "पाणी पी." तो स्वर मला आता ओळखता येत होता. मग विचारलं, "भरतला दिलास?"

"नाही सर."

"दे."

दोन दिवस तो पुडा मी घरी ठेवला. भावाने उघडला तर मी त्याच्या अंगावर ओरडले. शेवटी गेले. भरतदादाने एक पेढा तोंडात टाकला, दुसरा हातात घेतला आणि म्हणाला, "एक तुझ्या नोकरीचा. हा माझ्या पायाचा." माझ्या तोंडातला पेढा तिथेच थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. "अगं, मस्करी. खा." मी खाल्ला. त्याची आई म्हणाली, "पानी पी पोरी, घास अडकेल." मला वाटलं, सर हे वाक्य इथूनच शिकले असतील.

नोकरीमुळे सकाळची बॅच मला सोडावी लागणार होती. निघताना मी सहज म्हटलं, "दादा, बॅच तुम्ही का घेत नाही?"

तो पहिल्यांदाच गंभीर झाला. "सरांना मी मैदानावर नको वाटतो. मला बघून त्यांना त्रास होतो. इतकी वर्षं झाली, एकदा तरी म्हणाले का, ये म्हणून?"

मी तशीच मैदानावर परत आले आणि सरांना जसंच्या तसं सांगितलं. सर चुन्याची गोणी बांधत होते. त्यांचा हात थांबला.

"मी कुठल्या तोंडाने म्हणू, मैदानावर ये?" ते म्हणाले. "मला वाटलं, त्याला मैदान बघवणार नाही."

एकाने बोलावलं नाही आणि दुसरा आला नाही, आणि दोघांनीही ते एकमेकांसाठीच केलं होतं. मध्ये दर महिन्याला केळी जात होती. सरांनी गोणी तशीच सोडली आणि स्कूटर काढली.

भरतदादा बॅचवर आला तेव्हा फ्लॅटवाल्यांपैकी एकाने हळूच विचारलं, "हे पळून कसं दाखवणार?" जोशी मॅडम बुटाची नाडी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही पळून दाखवा, ते बघतील. पैसे त्याचेच देतोय ना?"

इनास सरांना मी शेवटचं बघितलं ते गेल्या हिवाळ्यात. त्याच्या आधी कॉलेजने त्यांचा करार वाढवला नव्हता. वय झालं म्हणाले. माझी बदली झालेली आहे, भेटणं होत नाही. त्या रविवारी मी खात्याकडून पळत होते. भुईगावकडच्या रस्त्यावर, नारळाची झाडं जिथे दाट होतात तिथे, फिनिश थोडी राहिली असताना, मला तो थर्माकोलचा खोका दिसला. सर उभेच होते. गुडघे आता वाकलेले, टोपी तीच. त्यांच्या शेजारी भरतदादा, हातात एक लाल प्लास्टिकची खुर्ची. कुठल्यातरी चहावाल्याची असावी. मी जवळ येत होते म्हणून मला त्याचा आवाज ऐकू आला.

"बसा सर. आता मी उभा राहतो."

सरांनी आधी खुर्चीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आणि बसले. खोका मांडीवर घेऊन, दोन्ही हात त्याच्यावर ठेवून, चर्चमध्ये माणूस बसतो तसे. मी त्यांच्यासमोरून गेले तेव्हा भरतदादा माझ्या पायांकडे बघत होता आणि सर माझ्या तोंडाकडे. मी भुवई हलू दिली नाही. खरंच काही दुखत नव्हतं.

त्या रेसमध्ये मला बक्षीस मिळालं नाही. नोकरीत मी कायम झाले आहे. भाऊ कॉलेजात आहे आणि आईने खडे चिकटवणं सोडलं आहे. भरतदादाची सकाळची बॅच चालू आहे, गोडाऊनची नोकरी त्याने सोडली. भरतदादानंतर सरांच्या हाताखाली पळालेल्या एकाही पोराचं हाड मोडलं नाही.